गंधकी समुद्राच्या काठाकाठानं

शनिवार, इस्तंबूल

एमिनोन्यूच्या धक्क्यावरून सुटणारी लांब पल्ल्याची बोट बॉस्फरस सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांना टेकत टेकत उत्तरेला जाते आणि अनादोलू कावाई या कोळ्यांच्या गावाशी येऊन थांबते. तिथून योरोस किल्ल्याचा चढ आहे. दम लागतो, पण वर पोचल्यावर सामुद्रधुनीचे दोन्ही काठ एकदम लांब सरकतात आणि समोर काळा समुद्र पसरलेला दिसतो. सप्टेंबरचं स्वच्छ ऊन होतं, पाणी निळंशार. या निळ्या पाण्याखाली काय साठलं आहे ते ठाऊक असल्यामुळे मी बराच वेळ तिथून हलले नाही.

नोकरीची बहुतेक वर्षं मी मुंबईतल्या एका रिफायनरीत गंधक वेगळा करणाऱ्या युनिटवर काढली. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास येणारा तो विषारी वायू, हा आमच्या रोजच्या कामाचा भाग होता. कॉलरला डिटेक्टर, डोक्यावर हेल्मेट आणि कुठेही निघालो तरी आधी वाऱ्याची दिशा बघायची सवय. आमचे जुने ऑपरेटर नव्या पोरांना बजावायचे, "वास येतोय तोवर ठीक; येता येता थांबला, की पळा." कारण या वायूचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. ज्या वायूपासून माणसं वाचवण्यात आयुष्य गेलं, त्याच वायूतून हायड्रोजन हे स्वच्छ इंधन काढायची गोष्ट करणारे लोक या समुद्राच्या काठावर आहेत. म्हणून हा प्रवास. सोबत लेक, तिचं शिक्षण सागरी जीवशास्त्रातलं.

परतीच्या बोटीत तिनं मला खालचा प्रवाह समजावून सांगितला. बॉस्फरसचं वरचं पाणी काळ्या समुद्राकडून दक्षिणेच्या मार्मारा समुद्राकडे वाहतं, हे डोळ्यांना दिसतं. तळालगत मात्र पाणी उलट जातं: भूमध्य समुद्राकडून आलेलं खारट, जड पाणी काळ्या समुद्रात शिरतं. १६७९ मध्ये लुइजी फर्दिनांदो मार्सिली हा विशीतला इटालियन तरुण इस्तंबूलला आला, तेव्हा इथल्या मच्छीमारांना हा उलटा प्रवाह माहीत होता. मार्सिलीनं त्याचं कारण शोधलं. एक पेटी घेतली, मधे पडदा घातला, पडद्याला एक भोक वर आणि एक खाली ठेवलं. एका कप्प्यात खारं पाणी, दुसऱ्यात हलकं, आणि एकाला रंग दिलेला. जड पाणी खालच्या भोकातून पलीकडे गेलं आणि हलकं वरच्या भोकातून अलीकडे आलं. १६८१ मध्ये त्यानं हे छापलं. शाळेतल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हा प्रयोग आजही करता येईल.

या दोन प्रवाहांनी काळ्या समुद्राचं नशीब ठरवलं आहे. डॅन्यूब, नीपर, नीस्टर या नद्या वरून गोडं पाणी ओततात, म्हणून वरच्या थरात किलोमागे जेमतेम १८ ग्रॅम मीठ. खोल पाण्यात २२ ग्रॅम. फरक एवढासाच, पण त्यामुळे वरचं पाणी खालच्यावर झाकणासारखं बसतं आणि हिवाळ्यातल्या वादळांनाही ते उचलता येत नाही. हवेतला ऑक्सिजन वरच्या शंभर-दीडशे मीटरच्या पलीकडे पोचत नाही. समुद्राची खोली मात्र २,२०० मीटर. मेलेले जीव, शेवाळ, नद्यांनी आणलेला पालापाचोळा खाली पडतो, तिथल्या जिवाणूंना श्वासाला ऑक्सिजन मिळत नाही, मग ते समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. काही हजार वर्षं हे चाललेलं आहे. समुद्राच्या जवळजवळ नऊ दशांश पाण्यात माशाला जगता येत नाही. जगात इतकं मोठं गंधकी पाणी दुसरीकडे कुठेही नाही.

रात्री धक्क्याजवळ भाजलेला पालामुत खाल्ला. शरद ऋतूत हा मासा काळ्या समुद्रातून बॉस्फरसमार्गे खाली उतरतो. काळ्या समुद्रात असतो तोवर तो त्या वरच्या पातळ थरातच राहतो.

रविवार, इस्तंबूल ते बुर्गास

दिवस बसमध्ये गेला. तुर्कस्तान-बल्गेरिया सीमेच्या अलीकडे-पलीकडे स्त्रांजाचा डोंगराळ मुलूख लागतो, ओकची दाट राई, वळणाचा रस्ता. पासपोर्टवर शिक्के बसेपर्यंत सगळे प्रवासी खाली उतरून उभे.

समुद्र नजरेआड होता, म्हणून आम्ही हिशेब मांडला. तुर्की संशोधकांनी २००७ च्या सुमाराला काळ्या समुद्रातल्या हायड्रोजन सल्फाइडचा एकूण साठा सुमारे ४.६ अब्ज टन धरला होता. तुर्कस्तानात हा विषय रुजण्यामागे टी. नेजात वेझिरोलू यांचा मोठा वाटा आहे. मायामीत राहून त्यांनी १९७० च्या दशकातच हायड्रोजन ऊर्जेची आंतरराष्ट्रीय संघटना आणि नियतकालिक उभं केलं. जग तेलाच्या संकटात चाचपडत होतं, तेव्हा हा माणूस हायड्रोजनवर परिषदा भरवत होता. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

हायड्रोजन सल्फाइडच्या ३४ भार वजनात हायड्रोजन फक्त २ भार. म्हणजे ४.६ अब्ज टनांतून निघेल २७ कोटी टन हायड्रोजन. आकडा मोठा वाटतो. पण २०२३ मध्ये जगानं सुमारे ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन वापरला. सगळा समुद्र उपसला तरी तीन वर्षंही पुरणार नाही! लेकीनं हे गणित दोनदा तपासलं.

मग तिनं एका किलोचा हिशेब घेतला. तळाकडच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम वायू विरघळलेला असतो. घनमीटरला १३ ग्रॅम. त्यातला हायड्रोजन पाऊण ग्रॅम. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे १,३०० घनमीटर पाणी हाताळायचं, म्हणजे आपल्याकडचे दहा हजार लिटरचे १३० टँकर. एका किलोत फ्यूएल सेलवरची, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करून चालणारी मोटार शंभरेक किलोमीटर जाते.

"आई, इतकं पाणी दोन किलोमीटर वर ओढायचं म्हणजे मिळेल त्याहून जास्त वीज जाईल," ती म्हणाली.

तसं नसतं, आणि हा मुद्दा पुष्कळ लोक चुकवतात. पाण्यात उभा केलेला पाइप आपोआप जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत भरतो. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे पातळी साधारण अर्धा मीटर खाली राहते, तेवढंच खरं उचलायचं. बाकी खर्च पाइपातल्या घर्षणाचा. एक किलो हायड्रोजनच्या पोटात सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. १,३०० घनमीटर पाणी एक मीटर चढवायला लागतात ३.६ युनिट. घर्षण धरून एकूण चढ दोन मीटरमध्ये बसवला तर हिशेब जमतो. तोच आठ-नऊ मीटरवर गेला तर सगळी कमाई पंपात जाते. म्हणून पाइप रुंद हवा आणि पाणी संथ वाहायला हवं. दिवसाला एक टन हायड्रोजन हवा असेल तर सेकंदाला १५ घनमीटर पाणी, एखाद्या छोट्या नदीइतकं.

इतका खोल पाइप टिकेल का, ही शंका मात्र आता राहिलेली नाही. रशियाहून तुर्कस्तानला जाणारी ब्लू स्ट्रीम ही वायुवाहिनी २००३ पासून याच गंधकी पाण्यात, २,१५० मीटर खोलीवर पडून आहे. तुर्कस्ट्रीम या दुसऱ्या वायुवाहिनीच्या नळ्याही तशाच खोल पाण्यातून येऊन तुर्कस्तानातल्या कियीकोयला किनाऱ्यावर चढतात. आमची बस त्या बाजूनंच गेली.

सोमवार, बुर्गास

शहराच्या उत्तरेला अतानासोव्स्को नावाचं खारं सरोवर आहे, समुद्रापासून वाळूच्या अरुंद पट्टीनं तुटलेलं. तिथे १९०६ पासून मिठागरं चालतात. आम्ही सकाळीच गेलो. मिठागरांचं पाणी गुलाबी होतं, अगदी कोकमाच्या सरबताकडे झुकणारं. हा रंग दुनालिएला नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. खारटपणा वाढला की ते स्वतःला वाचवण्यासाठी लाल रंगद्रव्य तयार करतं. बांधावर पांढऱ्या मिठाचे कंगोरे, आणि कप्प्यांच्या कडेला काळाकुट्ट चिखल.

लोक तो चिखल अंगाला फासून उन्हात उभे होते. आजोबा, आज्या, तरुण जोडपी, लहान पोरं, सगळ्यांचे फक्त डोळे तेवढे चमकत होते. चिखल वाळला की गुलाबी पाण्यात पडायचं, मग वाळूची पट्टी ओलांडून समुद्रात धुवायचं. सांधेदुखीला गुण येतो म्हणतात.

मी पायऱ्यांवर बसून मूठभर चिखल हातात घेतला. लोण्यासारखा मऊ, एक खडा नाही. वास तोच, ओळखीचा, पण अगदी मंद. हाताच्या तळव्यावर पातळ थर दिला आणि थांबले. थोड्या वेळानं वरचा थर राखाडी व्हायला लागला; बोटानं खरवडलं तर खाली काळाच. हा काळा रंग आयर्न सल्फाइडचा. जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड चिखलातल्या लोखंडाशी जुळला की ते तयार होतं, आणि हवा लागली की ऑक्सिजन त्याला मोडतो. दोन किलोमीटर खाली जे घडतं, ते इथे माझ्या तळव्यावर उलट्या दिशेनं घडत होतं: गंधकाला हायड्रोजनपेक्षा, लोखंडापेक्षाही ऑक्सिजन अधिक प्रिय. संधी मिळाली की तो तिकडे जातो. या ओढीतच ऊर्जा आहे.

आपल्या उरण-पनवेलच्या खाडीत, तिवरांच्या मुळाशी पाय रुतला की जो काळा चिखल निघतो, त्यातले जिवाणू याच कुळातले. लेक म्हणाली की तिवरांच्या सर्वेक्षणात तिनं असे कितीतरी नमुने काढले आहेत, पण हात कधी असा थांबवून ठेवला नव्हता. तिनंही मग दुसऱ्या तळव्यावर चिखल घेतला.

दुपारी बांधावरून पक्षी पाहिले. काळ्या समुद्राच्या या काठावरून शरद ऋतूत पक्ष्यांचा मोठा थवामार्ग जातो, वाया पोंतिका म्हणतात त्याला. पेलिकन उंचावर घिरट्या घालत दक्षिणेकडे सरकत होते. मीठ काढणं आणि पक्षी सांभाळणं ही दोन्ही कामं एकाच जागी सुखानं चालू आहेत, हे बघून फार बरं वाटलं. समुद्रातून काही काढायचं तर या चालीनं काढावं.

मंगळवार, सोझोपोल

बुर्गासहून जवळ. ग्रीकांची अपोलोनिया ती हीच. दगडी जोत्यावर लाकडी माड्यांची घरं, अंजिराची झाडं, पर्यटकांची गर्दी. गाव सुंदर आहे, पण माझं लक्ष बाहेरच्या पाण्याकडे होतं. याच किनाऱ्यापासून दूर, बुर्गासपासून सुमारे ८० किलोमीटरवर, दोन किलोमीटरहून जास्त खोल एक ग्रीक व्यापारी जहाज सापडलं. २०१८ मध्ये ते जाहीर झालं. वय सुमारे २,४०० वर्षं, आणि तरी डोलकाठी उभी, सुकाणू जागेवर, वल्हेकऱ्यांची बाकं शाबूत. काळ्या समुद्राच्या त्या मोहिमेत अशी साठाहून जास्त बुडालेली जहाजं मिळाली. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांना ऑक्सिजन लागतो. तो नाही, म्हणून लाकूड राहिलं.

हायड्रोजनच्या चर्चेत ही जहाजं क्वचितच येतात. यायला हवीत. खालच्या पाण्यात ऑक्सिजन मिसळला तर काय काय मोडेल, याच्या यादीत ती वरच्या ओळीत आहेत.

बुधवार, वार्ना

ओळखीतून एका निवृत्त समुद्रशास्त्रज्ञ बाईंची भेट ठरली होती. बंदराजवळच्या बागेत बाकावर बसून आम्ही दोन तास बोललो. जहाजावर नमुने घेण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. लोखंडी चौकटीवर गोलाकार बसवलेल्या बाटल्या तोंडं उघडी ठेवून खाली सोडतात, आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बंद करतात. बाटली डेकवर आली की पाणी काचेसारखं नितळ दिसतं. तोटी सोडली की मात्र नाक सांगतं, हे कुठलं. उशीर करून चालत नाही, कारण हवा लागताच सल्फाइड नाहीसं व्हायला लागतं. म्हणून लगेच झिंक ॲसिटेट घालतात. पांढरा साका बसतो आणि सल्फाइड त्यात अडकतं. मग निवांत मोजायचं.

बाई हे सांगताना हातानं अदृश्य बाटली तिरपी धरत होत्या, तोटीला रबरी नळी लावत होत्या. मलाही कॉलेजातलं सॉल्ट ॲनालिसिस आठवलं: किप्स ॲपरेटसमधून हाच वायू सोडायचा आणि परीक्षानळीत रंगीत साके बघायचे. कॅडमियमचा पिवळा, अँटिमनीचा नारिंगी. मी हे सांगितल्यावर त्या खुलल्या. त्यांच्या कॉलेजातही तेच.

खोलीमागे काय बदलतं ते त्यांनी वहीत रेघ मारून दाखवलं. आधी ऑक्सिजन कमी होत शून्यावर येतो. मग एक पट्टा लागतो, त्यात ऑक्सिजनही नाही आणि सल्फाइडही नाही. हा पट्टा १९८८ मध्ये नॉर या अमेरिकी जहाजावरच्या मोहिमेत नीट ओळखला गेला. आणि त्याखाली सल्फाइड वाढत जातं. अगदी पहिल्यांदा या खोल पाण्यात हा वायू सापडला तो १८९० मध्ये, रशियन भूवैज्ञानिक निकोलाय आंद्रुसोव सहभागी असलेल्या मोहिमेत. सल्फाइडच्या वरच्या काठाला, शंभरेक मीटरवर, हिरवे गंधक-जिवाणू राहतात. वरून झिरपणाऱ्या इतक्याशा उजेडावर ते जगतात की आपल्या डोळ्यांना तो अंधारच वाटेल. पाण्याच्या रेणूऐवजी ते हायड्रोजन सल्फाइड फोडतात. लेकीचा चेहरा इथे बघण्यासारखा झाला होता. आपण प्रयोगशाळेत जे जमवू पाहतोय ते हा जीव कधीपासून करतो आहे!

मग मी मूळ प्रश्न विचारला: पाणी उपसून वायू काढावा का? बाईंनी उत्तर दिलं ते थेट होतं. काढा, पण ते पाणी वर सोडू नका. खोल पाण्यात अमोनिया आणि फॉस्फेट भरपूर असतं. ते उजेडाच्या थरात आलं की शेवाळ माजेल, मरेल, खाली पडेल आणि आणखी सल्फाइड तयार होईल. जिथून घेतलं त्याच खोलीच्या थरात ते परत गेलं पाहिजे. ऑक्सिजनचा थर आधीच आकसतो आहे: १९५५ मध्ये तो सुमारे १४० मीटरपर्यंत होता, २०१५ पर्यंत सुमारे ९० मीटरवर आला. किनाऱ्यावरच्या सगळ्या मासेमारीचा आधार तेवढाच.

परतताना लेकीनं कांदोळीचा विषय काढला. गोव्याच्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक १९९७ पासून कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात नियमित मोजणी करत आले आहेत. पावसाळ्यात खालचं, कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं हलकं पाणी बसतं. हवा कोंडते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळालगतच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि वारे फिरले की जातो. इंधनासाठी तो साठा काहीच नाही, त्याकडे कुणी त्या नजरेनं पाहूही नये. पण बॉस्फरसवर पाहिलेलं तेच झाकण, तेच जिवाणू, आपल्या पणजीच्या उत्तरेला दरवर्षी काही आठवडे हजर असतात, हे कोकण-गोव्यातल्या मासेमारी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

गुरुवार, वार्ना ते सोफिया

आगगाडी. सूर्यफुलांची काढणी झालेली शेतं, मग डोंगर. डब्यात कुणी फारसं बोलत नव्हतं, म्हणून मी लेकीला माझ्या कामाची एक गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली.

रिफायनरीत कच्च्या तेलातला गंधक काढायला हायड्रोजन लागतो. तो नैसर्गिक वायू किंवा नाफ्त्यापासून करतात, आणि एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा महागडा हायड्रोजन डिझेलमधल्या गंधकाला चिकटतो आणि हायड्रोजन सल्फाइड होतो. तो आमच्या युनिटला यायचा. तिथे क्लाउस प्रक्रिया. १८८३ चं पेटंट, अजून जगभर तीच. वायूचा एक तृतीयांश भाग जाळायचा, सल्फर डायऑक्साइड करायचा, तो उरलेल्या वायूशी जुळवायचा. बाहेर येतो पिवळाधमक गंधक आणि वाफ. म्हणजे एका टोकाला कार्बन जाळून हायड्रोजन तयार करायचा आणि दुसऱ्या टोकाला त्याच हायड्रोजनचं पाणी करून टाकायचं. शिफ्टमध्ये पॅनेलसमोर बसून मी कितीतरी वेळा हा विचार केला आहे. एक टन हायड्रोजन सल्फाइडमागे जवळजवळ ५९ किलो हायड्रोजन. आणि तिथे तो लिटरमागे मिलिग्रॅमनं मोजायचा नसतो. पाइपातून गाढा वायू येत असतो.

हायड्रोजन सल्फाइडची आपल्या हायड्रोजनवरची पकड सैल आहे. शुद्ध वायू विजेनं फोडायला कागदावर ०.१७ व्होल्ट पुरतात. पाणी फोडायला १.२३. पण फुटलेला गंधक ॲनोडवर, म्हणजे विजेच्या धन टोकावर, थर धरून बसतो आणि वीज अडवतो. उष्णतेनं फोडायचं तर हजार अंशांच्या वर जावं लागतं आणि तरी थंड होताना दोघं पुन्हा एकत्र येतात. तिसरी वाट उजेडाची. यात पुण्याच्या सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेचं नाव येतं: तिथले डॉ. भारत काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॅडमियम इंडियम सल्फाइडचे झेंडूच्या फुलासारखे अतिसूक्ष्म कण तयार करून साध्या दृश्य उजेडात हायड्रोजन सल्फाइडमधून हायड्रोजन काढून दाखवला. मराठीत मात्र त्यावर मी फारसं काही वाचलेलं नाही.

लेक म्हणाली, "मग समुद्राकडे कशाला जायचं? आधी रिफायनरीत करा ना."

माझंही तेच मत आहे. जिथे वायू गाढा आहे, गोळा केलेला आहे, पाइपात आहे, तिथे फोडण्याचं तंत्र आधी पक्कं व्हावं. समुद्रासाठी वेगळं डोकं चालवावं लागेल, कारण तिथे फोडणं सोपं आणि गोळा करणं अवघड. आणि तेच वेगळं डोकं सोफियात चाललं आहे.

शुक्रवार, सोफिया

बल्गेरियन विज्ञान अकादमीच्या रासायनिक अभियांत्रिकी संस्थेत वेन्को बेश्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फाइडवर चालणाऱ्या फ्यूएल सेलवर बरीच वर्षं काम केलं आहे. आम्ही शहराच्या आग्नेयेकडच्या त्या संस्थांच्या वसाहतीत नुसता फेरफटका मारला. साध्या चौकोनी इमारती, मधे उंच झाडं, सायकली लावलेल्या. आत जाण्याचं काही ठरवलं नव्हतं. त्यांचे निबंध मी निघण्यापूर्वी वाचले होते, आणि त्यांच्या कल्पनेची मांडणी बाकावर बसून लेकीला काढून दाखवली.

वायू पाण्यातून वेगळा काढायचाच नाही. गंधकी पाणी सेलच्या एका कप्प्यातून जाऊ द्यायचं, दुसऱ्या कप्प्यात हवा. सल्फाइड ऑक्सिजनकडे धावतं, पण मधल्या पडद्यामुळे इलेक्ट्रॉनांना तारेतून वळसा घालावा लागतो. तीच वीज. सल्फाइडचं सल्फेट होतं, आणि सल्फेट समुद्रात आधीपासून आहेच. गंधकाचे ढीग उपसायला नकोत, ॲनोडवर थर बसायला नको. हायड्रोजन सल्फाइड नुसता फोडला तर रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन हाती येतात. सल्फेटपर्यंत नेला तर आठ. त्या विजेवर साधं पाणी फोडून हायड्रोजन करायचा. कागदावर हायड्रोजन सल्फाइडच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे तीनहून थोडे जास्त रेणू मिळू शकतात, जिथे थेट फोडून एकच मिळतो. प्रत्यक्षात नुकसान बरंच होईल, निम्मंही हाती लागेल की नाही कोण जाणे. पण निम्मं लागलं तरी बसमधलं १३० टँकरचं गणित ८०-८५ टँकरांवर येतं, आणि पंपाला श्वास घ्यायला जागा मिळते.

लेकीनं लगेच अडचण काढली: सेकंदाला कित्येक घनमीटर पाणी पातळ कप्प्यांतून न्यायचं तर इलेक्ट्रोड किती मोठे लागतील, आणि त्या कप्प्यांतलं घर्षण कोणी धरलं? बरोबर होतं तिचं. पाण्यात सल्फाइड इतकं विरळ की इलेक्ट्रोडपाशी ते पोचण्याचा वेगच सगळं ठरवणार. सच्छिद्र कार्बनचे जाड इलेक्ट्रोड, स्वस्त उत्प्रेरक, आणि शक्य झालं तर सेलच खाली समुद्रात सोडायचा, म्हणजे पाणी वर आणायला नको, फक्त हवा खाली न्यायची. हवा दाबून खाली न्यायला पुन्हा ऊर्जा. आम्ही दोघी त्या बाकावर बसून दोन्हीचे आकडे मांडत राहिलो. वीस मीटर खोलीवर हवा नेणं परवडतं, हजार मीटरवर नाही, इथवर आलो. मग रुंद पाइपानं पाणी वीस मीटरपर्यंत आपोआप चढू द्यायचं आणि सेल तिथे टांगायचा, वापरलेलं पाणी दुसऱ्या पाइपानं खाली. तिनं त्याची आकृती काढली, मापं लिहिली, आणि घरी गेल्यावर पाइपाचा व्यास नक्की करायचं काम माझ्याकडे दिलं आहे.